गिअर पडत नाही? ट्रॅक्टरची गिअरपेटी उघडण्यापूर्वी क्लच तपासा

मृगाचा पाऊस पडून जातो, दोन दिवस ऊन पडते आणि काळ्या रानाला वापसा येतो. घुग्घुस, भद्रावती, वणी, कोरपना या वर्धा नदीच्या दोन्ही काठांवरील भागात कपाशी, सोयाबीन आणि तुरीच्या पेरणीचे हेच दिवस. भारी जमिनीत वापसा फार काळ टिकत नाही. पुन्हा पाऊस लागला की कितीतरी दिवस वावरात पाय ठेवता येत नाही. नेमक्या अशाच एखाद्या सकाळी ट्रॅक्टर सुरू होतो, पण गिअर पडत नाही. दांडी पुढे लोटली की 'खर्रर्र' असा आवाज येतो आणि दांडी मागे फेकली जाते. मग शेजारीपाजारी जमतात आणि बहुतेकांचे निदान एकच असते, 'गिअरपेटी गेली.'

शेतकरी बंधूंनो, आमचा अनुभव असा की असे म्हटलेल्या ट्रॅक्टरांपैकी पुष्कळांची गिअरपेटी शाबूत असते. बिघाड असतो क्लचमध्ये, आणि त्यातही क्लचच्या पेडलपासून आत जाणाऱ्या साध्या रॉडमध्ये. गिअरपेटी उघडण्यात दिवस जातात, पैसा जातो. रॉडची पिन बदलायला तास-दीड तास पुरतो. म्हणून बिघाड कोठे आहे हे आधी ठरवावे आणि मगच पान्हा हाती घ्यावा.

काही वर्षांपूर्वी जून महिन्यात घुग्घुसजवळच्या एका शेतकऱ्याकडे जाण्याचा प्रसंग आला. ट्रॅक्टर रस्त्याकडेच्या टिनाखाली उभा होता आणि गिअरपेटीचे वरचे झाकण काढून बाजूला ठेवलेले होते. रस्त्यावरून कोळशाचे ट्रक ये-जा करीत होते आणि त्यांची काळी धूळ सरळ उघड्या पेटीत पडत होती. त्यात रात्री पावसाचे थेंबही गेले होते. आतले दात पाहिले तर एकही तुटलेला नव्हता, काटेही सरळ होते. मग क्लचचे पेडल हाताने दाबून पाहिले तर ते चार बोटे रिकामेच खाली जात होते. रॉडच्या टोकाच्या दुबेळक्यातील पिन घासून अर्धी झाली होती आणि तिचे भोक लांबट झाले होते. पिन बदलली, रॉड जुळवला, गिअर मुकाट्याने पडू लागला. पण तेवढ्यावर भागले नाही. पेटीतील सगळे तेल काढून, पेटी डिझेलने धुऊन नवे तेल भरावे लागले. पिनेपेक्षा तेलाचाच खर्च कितीतरी पटीने जास्त झाला आणि पेरणीचे दोन दिवस गेले ते वेगळेच.

गिअर पडतो म्हणजे काय होते?

इंजिनाच्या मागे फ्लायव्हील नावाचे जड चाक असते. त्याला चिकटून क्लचप्लेट आणि तिच्यामागे प्रेशर प्लेट असते. प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगा क्लचप्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरतात, त्यामुळे इंजिन फिरले की प्लेट फिरते आणि प्लेटच्या मधोमध बसलेला खाचेदार शाफ्ट फिरून गिअरपेटीत ताकद पोचते. आपण पेडल दाबतो तेव्हा प्रेशर प्लेट मागे ओढली जाते, प्लेट मोकळी होते आणि शाफ्ट थांबतो. शाफ्ट थांबला की गिअरचे दात एकमेकांत अलगद शिरतात.

पेडल पूर्ण दाबूनही प्लेट पूर्ण मोकळी झाली नाही, तर शाफ्ट थोडाफार फिरतच राहतो. फिरत्या दातात थांबलेला दात बसवणे म्हणजे चालत्या बंडीच्या चाकात काठी घालणे. खर्रर्र आवाज होतो तो याचाच. दोष क्लचचा असतो, ओरडते मात्र गिअरपेटी. जुन्या पद्धतीच्या ट्रॅक्टरांत हे अधिक जाणवते. अलीकडील काही ट्रॅक्टरांत दोन्हीकडचा वेग आपोआप जुळवणारी कडी असते, त्यामुळे आवाज कमी येतो, पण दांडी जड लागते.

इंजिन बंद करून पहिली तपासणी

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा. मागील अवजार जमिनीवर टेकवावे, पीटीओ बंद करावा, हातब्रेक लावावा आणि मागच्या चाकांना पुढून व मागून दगड किंवा ठोकळा लावावा. आता इंजिन बंद ठेवून, पेडल दाबून एकेक गिअर टाकून पाहावा. नंतर गिअर मोकळा करून, ठोकळे तसेच ठेवून इंजिन सुरू करावे, मंद चालवावे, पेडल पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबावे आणि मग गिअर टाकून पाहावा. हे थांबणे महत्त्वाचे आहे. पेडल दाबताक्षणी चांगल्या क्लचचा शाफ्टही थोडा वेळ फिरत असतो. अनेक चालक पेडल दाबतात न दाबतात तोच दांडी ओढतात आणि आवाज आला की गिअरला दोष देतात.

इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात, पण इंजिन चालू असताना थांबूनही किरकिरतात, तर दोष क्लचचा समजावा. इंजिन बंद असतानाही पडत नसतील, तर दोष दांडीत, तिच्या जोडणीत किंवा पेटीत आहे. आणि गिअर दोन्ही वेळा नीट पडतो पण ठोकळे काढल्यावर ट्रॅक्टर हलत नाही, तर तो तिसराच प्रकार. बिघाडाचे निम्मे निदान येथेच होते आणि त्यासाठी एकही नट सैल करावा लागत नाही.

पेडलची मोकळी चाल

क्लचचा दोष निघाला तर प्रथम पेडलची मोकळी चाल मोजावी. पेडल हाताने हळूहळू दाबावे, पायाने नको, पायाला अंदाज येत नाही. सुरुवातीला फक्त परत ओढणाऱ्या स्प्रिंगचा हलका ताण लागतो, नंतर एका ठिकाणी पेडल एकदम जड होते. तेथवरचे अंतर म्हणजे मोकळी चाल. अनेक ट्रॅक्टरांत ती अडीच-तीन सेंटिमीटरच्या आसपास असते. नेमका आकडा आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेला असतो, तोच प्रमाण मानावा. पुस्तिका हरवली असल्यास विक्रेत्याकडून मागून घ्यावी, ती फुकट मिळालेली चोपडी नव्हे, अवजारच आहे.

मोकळी चाल जास्त झाली की पेडल तळाला टेकले तरी प्लेट पुरती सुटत नाही आणि गिअर पडत नाही. मोकळी चाल अजिबात उरली नाही की उलटे होते. क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो, प्लेट घसरते, जळका वास येतो, रिलीज बेअरिंग सतत घासून खराब होते. हे दोन दोष परस्परविरुद्ध आहेत, पण दोन्हींचा इलाज एकाच रॉडवर होतो. येथेच घोटाळा होतो. क्लच घसरतो म्हणून कोणीतरी रॉड फिरवून मोकळी चाल वाढवतो, गरजेपेक्षा जास्त वाढवतो, आणि दुसऱ्या दिवशी गिअर पडणे बंद होते. म्हणून गिअर पडत नसल्यास पहिला प्रश्न चालकाला विचारावा की, गेल्या आठवड्यात रॉडला कोणी हात लावला होता काय?

जुळवणी करताना आधी रॉडचे मूळ स्थान रंगाने किंवा खडूने खुणावून ठेवावे. चेक-नट सैल करून रॉड अर्धा फेरा फिरवावा, पुन्हा मोजावे. कोणत्या बाजूस फिरवल्याने चाल कमी होते हे ट्रॅक्टरगणिक वेगळे असते, ते मोजमापच सांगते. चाल बरोबर आली की चेक-नट घट्ट करावा व नवी कॉटर पिन घालावी. जुनी पिन सरळ करून पुन्हा वापरू नये, तार गुंडाळून तर मुळीच नको. तार तुटते ती भर रस्त्यात आणि मागे भरलेली ट्रॉली असताना.

मात्र रॉड फिरवण्यापूर्वी जोड पाहावेत. पिना, त्यांची भोके, पेडलची बुशी आणि आत जाणाऱ्या आडव्या शाफ्टवरची चावी घासलेली असेल तर पाय कितीही खाली गेला तरी आतल्या काट्याला पुरेशी हालचाल पोचत नाही. एकाने पेडल दाबावे व दुसऱ्याने बाजूने पाहावे. पेडल हलते पण पुढचा आर्म उशिरा हलतो, तर झीज त्या जोडातच आहे. रॉड फिरवून ही झीज झाकता येते, पण चार दिवसच. आपल्या भागात रस्त्यांवर कोळशाची धूळ असते, ती ग्रीसमध्ये मिसळून सहाणेसारखे काम करते. ग्रीसचे निप्पल आधी पुसावे, मग गन लावावी, नाहीतर आपण धूळच आत ढकलतो. पेडलखाली टाकलेले पोते किंवा सरकलेले रबरही पेडल पूर्ण खाली जाऊ देत नाही. हसू येईल, पण तेही एकदा पाहून घ्यावे.

मोकळी चाल बरोबर, जोड चांगले, तरीही गिअर किरकिरतो, तर दोष आत आहे. प्लेट तापून वाकडी झालेली असते, प्रेशर प्लेटची बोटे एकसारख्या उंचीवर नसतात, प्लेट खाचांवर गंजून अडकलेली असते, किंवा फ्लायव्हीलच्या मध्यातले छोटे बेअरिंग जाम होऊन शाफ्टला सोबत फिरवत असते. यासाठी ट्रॅक्टर मधून उकलावा लागतो, ते काम मिस्त्रीचे. पण प्लेट वाकडी का झाली, याचे उत्तर बहुधा चालकाच्या पायाशी असते. रेल्वे फाटकावर, चढावर, बाजारात कापसाच्या गाड्यांच्या रांगेत ब्रेकऐवजी अर्धा क्लच दाबून ट्रॅक्टर धरून ठेवण्याची सवय आपल्याकडे फार आहे. शेतात वर्षभर झिजत नाही तेवढी प्लेट अशा रांगेत झिजते. थांबायचे असेल तर गिअर मोकळा करून ब्रेक लावावा, आणि चालताना पाय पेडलवर टेकवून ठेवू नये.

डबल क्लचच्या ट्रॅक्टरात पेडल अर्ध्यापर्यंत दाबले की ट्रॅक्टर थांबतो आणि पूर्ण दाबले की पीटीओही थांबतो. तेथे दोन वेगळ्या जुळवण्या असतात. बाहेरची रॉडची जुळवणी आपण करावी, आतल्या बोटांची मापपट्टी लावून मिस्त्रीनेच करावी.

इंजिन बंद असतानाही गिअर पडत नाही

कधीकधी दातासमोर नेमका दात येतो. गिअर मोकळा करून, क्लच एकदा सोडून पुन्हा दाबावा, म्हणजे शाफ्ट किंचित फिरतो आणि गिअर पडतो. हा बिघाड नव्हे. थंडीत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तेल घट्ट झाल्यानेही दांडी जड लागते, दहा मिनिटे इंजिन मंद चालू ठेवले की ती सुटते.

ज्या ट्रॅक्टरांत दांडी आसनाच्या बाजूला असते, त्यांत दांडीपासून पेटीपर्यंत एक-दोन जोडरॉड असतात. त्यांची पिन गळून पडणे, रॉड वाकणे, त्यात चिखल व तुऱ्हाटीचे तुकडे अडकणे हे प्रकार होतात. एकाने दांडी हलवावी, दुसऱ्याने पेटीवरचा आर्म हलतो का ते पाहावे. आर्म हलत नसेल तर पेटी उघडण्याचे कारणच नाही.

जुन्या, मधोमध दांडी असलेल्या ट्रॅक्टरांत एक वेगळी अडचण येते. दांडीचे खालचे टोक घासल्यामुळे ते दोन पट्ट्यांच्या मध्ये सरकते आणि एकाच वेळी दोन गिअर पडतात. दांडी पोकळ फिरते, क्लच सोडला की इंजिन झटका देऊन बंद पडते. अशा वेळी दांडीला पाइप लावून जोर करू नये, काटा वाकतो. इंजिन बंद करून, झाकणाभोवतीची माती आधी डिझेलने धुऊन, मग झाकण काढावे. पट्ट्यांच्या खाचा एका ओळीत आणल्या की दोन्ही गिअर सुटतात. काढलेले बोल्ट मोजून डब्यात ठेवावेत. पेटीत पडलेला एक बोल्ट सगळे दात खातो. पेटी उघडी ठेवून जेवायलाही जाऊ नये, स्वच्छ कापड टाकून जावे. दांडीचे टोक भरून घेणे किंवा दांडी बदलणे हाच खरा उपाय, नाहीतर हे दर महिन्याला होईल.

एचएमटीसारख्या जुन्या ट्रॅक्टरांच्या मालकांनी असे सुटे भाग मिळतील तेव्हा घेऊन ठेवावेत. आपल्या जिल्ह्यात एचएमटी म्हटले की आधी नागभीड तालुक्यातील नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडलेला धान आठवतो. त्याचे नाव घड्याळावरून पडले आणि तेच घड्याळ करणारी कंपनी ट्रॅक्टरही करीत असे. तो ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. धान टिकला, ट्रॅक्टरचे भाग मात्र शोधावे लागतात.

गिअर पडतो, पण ट्रॅक्टर हलत नाही

हाय-लो दांडी मधोमध राहिली असेल तर कोणताही गिअर टाकला तरी ट्रॅक्टर जागचा हलत नाही. नव्या चालकाच्या हातून हे हमखास होते. ती दांडी बरोबर असेल आणि इंजिन जोरात चालूनही ट्रॅक्टर हलत नसेल, जळका वास येत असेल, तर प्लेट संपली आहे. वास नाही, पण आत कडकड वाजते, तर प्लेटचा मधला भाग किंवा मागचा एखादा दात तुटला असावा. तेव्हा तसेच रेटू नये, ट्रॅक्टर तेथेच बंद करावा.

धानाच्या बांधीतील काळजी

मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी आणि पलीकडे गडचिरोली जिल्ह्यात रोवणीपूर्वी ट्रॅक्टर बांधीतल्या चिखलात तासन् तास चालतो. येथे बिघाडाचे मूळ पाणी असते. क्लचच्या घराच्या तळाशी एक छोटे भोक असते. इंजिनाचे किंवा पेटीचे तेल गळून प्लेटवर साचू नये म्हणून ते ठेवलेले असते. चिखलणीपूर्वी त्यात पुस्तिकेत दाखवलेला प्लग बसवावा, नाहीतर त्याच वाटेने चिखलपाणी आत शिरते, प्लेट व खाचा गंजतात आणि काम संपून ट्रॅक्टर पंधरा दिवस उभा राहिला की प्लेट फ्लायव्हीलला चिकटून बसते. चिखलणी संपताच प्लग काढायचा असतो, आणि हेच बहुतेक जण विसरतात. त्या भोकातून नंतर तेल टपकत असेल तर कोणते तरी ऑइल सील गेले आहे.

पेटीतील तेलही पाहावे. मापपट्टीला लागलेले तेल दुधाळ, चहासारखे दिसले तर त्यात पाणी आहे. ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवून सकाळी तळाचा प्लग थोडासाच सैल केला तर तळाशी बसलेले पाणी आधी गळते. तेल एकदा दुधाळ झाले की सगळे बदलावे. प्लगवर बारीक करड्या मळीसारखा थर असणे नेहमीचे आहे, पण धातूचे कपचे दिसले तर मिस्त्रीला बोलवावे. काही ट्रॅक्टरांत पेटी आणि हायड्रॉलिकचे तेल एकच असते, काहींत वेगळे. घरात असलेले डबे त्यात ओतू नयेत.

प्लेट चिकटली असेल तर इंजिन मोकळ्या गिअरमध्ये पंधरा-वीस मिनिटे चालवून गरम करावे, बंद करावे, पेडल पूर्ण दाबून लाकडाने तसेच अडकवून रात्रभर ठेवावे. पुष्कळदा सकाळी प्लेट सुटलेली असते. सुटली नाही तर ट्रॅक्टर उकलावा. गिअरमध्ये टाकून स्टार्टर मारण्याचा उद्योग करू नये. ट्रॅक्टर एकदम उडी घेतो आणि चाकाजवळ उभा असलेला माणूस खाली येतो. क्लच दाबल्याशिवाय किंवा गिअर मोकळा असल्याशिवाय इंजिन सुरू होऊ नये म्हणून जो स्विच असतो, तो खराब झाला म्हणून पेचकस लावून थेट स्टार्टर चालवणेही तितकेच घातक. खाली उभे राहून असे कधीही करू नये, घाई कितीही असो.

पॉवर टिलर असल्यास प्रथम व्ही-बेल्टचा ताण आणि मुख्य क्लचची दांडी पाहावी. गिअर पडत नसेल तर दांडी क्षणभर चालू करून लगेच बंद करावी, म्हणजे दात सरकतात. काही टिलरांत रोटाव्हेटर जोडलेला असताना रिव्हर्स गिअर पडू नये अशी अडसर योजनाच असते. ती चालकाच्या पायांसाठी आहे, ती काढून टाकू नये. टिलर एकाच बाजूला वळत असेल तर त्या बाजूच्या स्टिअरिंग क्लचची केबल अडकली आहे, तेल घालून मोकळी करावी.

ही कामे स्वतः शिकायची असतील तर चंद्रपूर जिल्ह्यासाठी सिंदेवाही येथे कृषी विज्ञान केंद्र आहे, तेथे चौकशी करावी. अधिक सविस्तर प्रशिक्षण मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेत मिळते. १९५५ पासून तेथे ट्रॅक्टर चालवणे व दुरुस्ती शिकवली जाते. गावातून एक तरुण जरी शिकून आला तरी हंगामात सगळ्यांनाच उपयोग होतो.

मिस्त्रीकडे जाताना 'गिअर पडत नाही' एवढेच सांगू नये. इंजिन बंद असताना पडतो की नाही, मोकळी चाल किती सेंटिमीटर आहे, तेलाचा रंग कसा आहे, शेवटचे काम चिखलात झाले की ट्रॉलीवर, हे कागदावर लिहून न्यावे. त्याने गिअरपेटी उघडायची म्हटली तर कोणत्या कारणाने, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

रब्बीची कामे आटोपून ट्रॅक्टर महिना-दोन महिने उभा राहणार असेल तर पेडल पूर्ण दाबून, आसनाच्या चौकटीला टेकेल असे लाकूड लावून ठेवावे, म्हणजे प्लेट मोकळी राहते व चिकटत नाही. त्यापूर्वी हातब्रेक लावून चाकांना ठोकळे लावावेत. लाकूड लावल्याची आठवण राहावी म्हणून स्टिअरिंगला एक लाल चिंधी बांधून ठेवावी.